फोटोच्या पाठीवर नाव लिहा

मंडळी, आम्हांला फोटो काढण्याचा भारी नाद. लोक विचारतात, "गुरुजी, लग्न नाही, जत्रा नाही, मग फोटो कशाचा काढता?" आम्ही म्हणतो, "रोजच्या कामाचा." जात्यावर बसलेली आई, पारावरची म्हातारी माणसं, खळ्यातली रास, विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाया. हे सारे आम्हांला टिपून ठेवावेसे वाटते. कारण जे रोज दिसते, ते एक दिवस दिसेनासे होते. मोट गेली. जाते कोपऱ्यात पडले. नातू विचारतो, "आजा, मोट कशी होती?" नुसत्या तोंडाने किती सांगणार?

फोटोची विद्या फार जुनी नाही. कॅमेऱ्याने काढलेला, आजही टिकून असलेला सर्वांत जुना फोटो १८२६-२७ च्या सुमाराचा आहे. फ्रान्स देशात निएप्स नावाच्या गृहस्थाने तो काढला. त्यात राजा नाही, राणी नाही. घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे आहेत. पुढे १८३९ साली फ्रान्समध्येच दागेर यांची फोटोची रीत जाहीर झाली. ती जगभर पसरली. मुंबईत १८५४ साली फोटोच्या शौकिनांची संस्थासुद्धा निघाली.

आपले दादासाहेब फाळके पहा. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट दाखवला. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते, ते कॅमेऱ्याने टिपले होते. वाटाण्याचे रोप ही काय मोठी गोष्ट? पण नीट पाहिले, तर साध्या गोष्टीतही पाहण्यासारखे असते.

पूर्वी फोटो कसा निघे? कॅमेऱ्यात फिल्म असे. तिच्यावर चांदीच्या क्षाराचा लेप असे. जिथे उजेड जास्त पडे, तिथे फिल्म औषधात धुतल्यावर काळी होई. म्हणून फिल्मवर पांढरा सदरा काळा दिसे, अन् काळे केस पांढरे दिसत. तीच फिल्म कागदावर छापली, की सारे पुन्हा सरळ होई. आज मोबाईलमध्ये फिल्म नाही. पण उजेड मात्र तेव्हाही लागे, आजही लागतो. म्हणून फोटो काढताना माणसाच्या तोंडावर उजेड येऊ द्या. उजेड त्याच्या पाठीमागे असला, तर तोंड काळे दिसते.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. एका वाडीतला एक कष्टाळू गडी वारला. तेराव्याला फोटोला हार घालायचा, तर घरात त्याचा फोटोच नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर होता, तेवढाच. तो मोठा केला, तर तोंड ओळखू येईना. त्याची बायको आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, ह्यांचा एखादा फोटो हाय का तुमच्यापाशी?"

बंधाऱ्याच्या श्रमदानाच्या वेळी आम्ही फोटो काढले होते. ते एका पाकिटात होते. पाकिटावर वाडीचे नाव अन् तारीख लिहिलेली होती. म्हणून लगेच सापडले. एका फोटोत तो गडी खांद्यावर घमेले घेऊन हसत उभा होता. बाई फोटोकडे बघत राहिली. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "असंच हसायचे."

मंडळी, फोटो काढला म्हणजे काम संपले नाही. तो जपला पाहिजे. त्यासाठी एवढे करा :

१. फोटो ओलीपासून अन् उन्हापासून दूर ठेवा. भिंतीवर ऊन लागले, की फोटो फिका पडतो.

२. फोटो कडेला धरा. मधे बोट लावू नका. घामाचे डाग पडतात.

३. मोबाईल पाण्यात पडला, हरवला, की आतले फोटोही जातात. वर्षाकाठी निवडक दहा-बारा फोटो कागदावर छापून घ्या.

४. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढू नका. तो नको म्हणाला, तर राहू द्या.

५. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा. कोण, कुठे, कधी. पाठ गुळगुळीत असली, तर पेन्सिल उठत नाही. मग पाकिटावर लिहा.

यांतले पाचवे काम सर्वांत मोठे. फोटो तोंड दाखवतो, पण नाव सांगत नाही. दोन पिढ्या गेल्या, की घरातली माणसंच विचारतात, "ही कोण बाई? हा कोण पोरगा?" सांगणारे कुणी उरलेले नसते. मग आपल्याच पणजीचा फोटो परक्याचा होतो.

काल-परवापर्यंत हे काम तुम्हांला दुसऱ्याकडून करून घ्यावे लागे. आता तुम्हांला अक्षर येते. पेन्सिल तुमच्या हातात आहे. तेव्हा आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. जुने फोटो काढा. घरातल्या सर्वांत वडील माणसाजवळ बसा. "आजी, हे कोण गं?" म्हणून विचारा. ती सांगेल तसे लिहून घ्या. हे उद्यावर टाकू नका. आजी आज आहे.

सराव
१. सर्वांत जुन्या फोटोत काय दिसते?
२. गड्याचा फोटो लगेच का सापडला?
३. तुमच्या घरातल्या एका फोटोविषयी चार ओळी लिहा.