स्वयंसेवी संस्थांची प्रकल्पक्षमता : पारख कशी करावी?

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थांना आपले हिशेब तपासून घ्यावे लागतात. पैसा कोठे खर्च झाला, हे त्यातून कळते. तथापि, आज पार पडलेला प्रकल्प उद्या कार्यवाह बदलल्यावर पुन्हा पार पडेल काय, याचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही.

त्यासाठी उपयोगी पडणारी मोजपट्टी मूळची संगणक क्षेत्रातील आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या पाच पायऱ्या आहेत. पहिलीवर सारे काम एखाद्या धडपड्या व्यक्तीच्या बळावर चालते. दुसरीवर पूर्वी जमलेले काम पुन्हा जमते. तिसरीवर कामाची रीत लेखी होऊन संस्थाभर रूढ होते. चौथीवर ती आकड्यांनी मोजली जाते. पाचवीवर त्या आकड्यांच्या आधारे रीतच सुधारली जाते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’चे नवजात बालकांविषयीचे काम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. ३९ गावांत १९९३ पासून प्रथम केवळ नोंदी घेण्यात आल्या. प्रत्यक्ष उपचार १९९५ नंतर सुरू झाले. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळांचे वजन करावे, जंतुसंसर्ग ओळखावा व ठरलेले औषध द्यावे, अशी योजना होती. तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर त्यांच्या तुलनेत सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आरंभीची स्थिती आधीच मोजलेली नसती, तर हा आकडा सांगताच आला नसता. पुष्कळ संस्था चुकतात त्या नेमक्या येथेच.

तपासनिसाने म्हणूनच अध्यक्षांच्या दालनात फार वेळ घालवू नये. सर्वांत नव्या कार्यकर्तीस तिचे काम विचारावे, नोंदवही उघडावी, आणि मुदत चुकली तेव्हा कोणी काय केले, हे पाहावे. देणगीदारांकडे जाणारा गुळगुळीत कागदावरील अहवाल शेवटी वाचला तरी चालेल. अर्थात तीन सेविकांच्या बालवाडीला चौथी पायरी चढावयास लावणे हा निव्वळ कागदी खटाटोप होय. तिला दुसरी पुरेशी आहे.

गडचिरोलीतील रीत लेखी व शिकविण्याजोगी होती. २०११ मध्ये घरपोच नवजात बालसेवा केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्तींच्या कामात समाविष्ट केली.