भागीदारीतलं इमान

भागीचं घोडं किवणानं मेलं, असं आपण म्हणतो. धंद्याचं तसं होऊ नये.

समजा, दोघांनी मिळून कांद्याचं दुकान घातलं. एकानं दुकानासाठी बारदान घेतलं. विकणाऱ्यानं त्याच्या हातात गुपचूप १०० रुपये ठेवले. हे पैसे कुणाचे? १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा सांगतो, वेगळा करार नसेल तर ते दुकानाचे. भागीदारानं भागीदाराशी इमानानं वागावं, खरा हिशेब द्यावा, काही लपवू नये. फसवणुकीनं दुकानाचं नुकसान झालं, तर फसवणाऱ्यानं ते भरून द्यावं.

दुकानाचं कर्ज दोघांच्याही डोक्यावर असतं. वही पाहण्याचा हक्कही दोघांना आहे. मंडळी, आम्ही एवढंच सांगतो : भरवशावर अंगठा उठवू नका. आधी वही वाचा, मग सही करा.