इंजिनावरील आकडे आणि विक्रेत्याचा शब्द

१९६७ सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेटचा भाव ठरतो तो तिच्या रंगावरून वा झिलईवरून नव्हे, तर सेंट लुईसच्या कारखान्यातून बाहेर पडताना जे इंजिन तिच्यात होते तेच आजही तिच्यात आहे किंवा नाही, यावरून. हे मला गाडी घेण्यापूर्वीही पुरते ठाऊक होते. आणि ज्याने ‘मॅचिंग नंबर्स’ अशी ठळक अक्षरांत जाहिरात देऊन त्याबद्दलचा वाढीव भाव पै न पै वसूल केला, त्या ओहायोतील गृहस्थालाही ते माझ्याहून अधिक ठाऊक होते. म्हणूनच आमच्या व्यवहाराला गैरसमज म्हणावयास मी तयार नाही.

मी विचारले नाही असे नाही. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर जी लहानशी सपाट जागा असते, तिच्यावरील ‘व्ही ०२१५ एचटी’ हा ठसा, म्हणजे फ्लिंटच्या कारखान्यात १५ फेब्रुवारीला जुळवलेले, ३५० अश्वशक्तीचे, कॉर्व्हेटसाठीचे ३२७ घन इंची इंजिन, त्याने स्वतः विजेरी धरून मला दाखवला. शेजारी गाडीच्या अनुक्रमांकाचे आकडे होते आणि डॅशबोर्डखालील पट्टीशी ते तंतोतंत जुळत होते. एवढ्यावर न थांबता ‘हेच मूळ इंजिन काय?’ असे मी लेखी विचारले आणि ‘होय’ असे लेखी उत्तर आले. ते पत्र आजही माझ्या दप्तरी आहे.

पुढे तेलाची गळती काढण्यासाठी गाडी येथे मिशिगनमधील एका वृद्ध कारागिराकडे दिली. त्याने गिअरबॉक्स उतरवला, ब्लॉकच्या मागील कडेवर साचलेला तेलमातीचा थर तारेच्या ब्रशाने खरवडला आणि काही न बोलता मला खुणेने जवळ बोलावले. ओतीव लोखंडात उठून आलेली अक्षरे दिव्याच्या उजेडात स्पष्ट दिसत होती : ‘सी ९ ७’. सी म्हणजे तिसरा महिना. अर्थात ९ मार्च १९६७. जो ब्लॉक मार्चच्या नवव्या दिवशी ओतला गेला, त्याचे इंजिन फेब्रुवारीच्या पंधराव्या दिवशी जुळून तयार कसे झाले, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रामाणिक माणसाजवळ असणे शक्य नव्हते. मग त्याने पुढची सपाट जागा भिंगाखाली दाखवली. कारखान्यातील ब्रोचिंग यंत्राच्या पात्याने उमटणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेषा तेथे नव्हत्या. होते ते घासणीचे वाटोळे ओरखडे. जुने आकडे घासून नवे ठोकले होते. सातबारा एकाच्या नावे आणि कब्जा भलत्याचाच, असा तो मामला होता.

विक्रेत्याचे वर्तन मात्र या ठशाहूनही बनावट निघाले. प्रथम तो गोड बोलला. मग आधीच्या मालकाने आपल्याला तसेच सांगितल्याचे आठवले. मग ‘जशी आहे तशी’ या कलमाकडे त्याने बोट दाखवले. आणि शेवटी, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्याप्रमाणे, माझ्याच कारागिराने इंजिन बदलले नसेल कशावरून, असे विचारण्यापर्यंत त्याची मजल गेली. कळस म्हणजे, त्याच जाहिरातीने गाडी दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्याचा सल्लाही त्याने मला दिला. मूल्यमापकाने किमतीतून जवळजवळ तिसरा हिस्सा वजा केला, तो दाखला पाठवल्यावर त्याने फोन उचलणेच सोडले.

इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नव्हे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. शर्यतीत इंजिने फुटत, आणि दुरुस्तीत ब्लॉकचा माथा तासताना मूळ ठसा निर्दोषपणेही नाहीसा होई. दोष आहे तो लपवून वाढीव दाम घेण्यात. १९६७ साली एल-८८ इंजिनाच्या कॉर्व्हेट अवघ्या २० निघाल्या, आणि त्यांतील एक जानेवारी २०१४ मध्ये स्कॉट्सडेलच्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. असे भाव दिसू लागले की छिन्नी-हातोडा हाती घेणारे निपजणारच. त्यातून पॉन्टिअॅकच्या गाड्यांची कारखान्यातील नोंद मागवता येते, तशी कोणत्या कॉर्व्हेटमध्ये कोणते इंजिन बसवले याची त्या काळची नोंद मिळत नाही.

तेव्हा घेणाऱ्याने केवळ ठशावर विसंबू नये. ब्लॉक ओतल्याची तारीख आधी, इंजिन जुळवल्याची त्यानंतर आणि गाडी तयार झाल्याची सर्वांत शेवटी, हा क्रम स्वतः पडताळावा. मागची कड घाण आहे, दिसत नाही, असे विक्रेता म्हणाला तर ती पुसून घ्यावी. पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर कारखान्यात चिकटवलेला मागणीपत्राचा कागद शिल्लक असल्यास त्याची खातरजमा करावी. १९७४ पासून चालत आलेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीतील जाणत्या सभासदाला सोबत न्यावे. त्याचा प्रवासखर्च वकिलाच्या एका पत्राहून स्वस्त पडतो. मूळ इंजिनाची हमी करारातच घालावी, कारण सुटे पत्र ‘जशी आहे तशी’ या कलमापुढे लंगडे पडते. अनुक्रमांकाच्या पट्टीला तर रंगकामासाठीही हात लावू नये. कॅन्ससमध्ये १९५९ सालची एक कॉर्व्हेट अशाच कारणाने २०१७ मध्ये जप्त झाली, आणि निर्दोष खरेदीदाराला ती परत मिळण्यापूर्वी तेथील कायदा बदलावा लागला. बाकी घाई करू नये, दिवसाउजेडी गाडी पाहावी, हे सांगावयास मी कशाला हवा.

माझी गाडी उत्तम चालते आणि विकावयाची झाली तर ‘इंजिन मूळचे नाही’ असे लिहूनच मी ती विकीन. आपण मात्र एवढे करा : जो विक्रेता ब्लॉकची मागची बाजू दाखवावयास का कू करतो, त्याला मूळ इंजिनाचा भाव देऊ नका.