बालवर्गाची वाट धरणाऱ्या पदवीधर भाचीस



इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्या पदवीधरापुढे प्रथम संक्षिप्त नावांचा गोंधळ उभा राहतो, आणि तो अर्ज भरण्यापूर्वीच निस्तरलेला बरा. पीजीसीई म्हणजे शिक्षणशास्त्रातील पदव्युत्तर प्रमाणपत्र, जे साधारणपणे एका शैक्षणिक वर्षात पूर्ण होते. क्यूटीएस म्हणजे अर्हताप्राप्त शिक्षकाचा दर्जा, आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांत खरे वजन या दुसऱ्यालाच असते. क्यूटीएस न देणारे पीजीसीईही अस्तित्वात असल्यामुळे प्रवेश घेणाऱ्याने माहितीपत्रकातील ही एक ओळ दोनदा वाचावी. तिसरे नाव ईवायटीएस, म्हणजे जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचा ‘अर्ली इयर्स’ शिक्षकाचा दर्जा. हे नाव शिक्षकाचे असले तरी त्यातून क्यूटीएस मिळत नाही, आणि पुढे प्राथमिक शाळेत जाण्याची इच्छा असणाऱ्याची येथेच फसगत होते. भारतीय पदवी असल्यास ती तेथील कोणत्या पातळीची आहे याचा दाखला घ्यावा लागतो, शिवाय इंग्रजी, गणित आणि प्राथमिकसाठी विज्ञान या तीन विषयांत तेथील शालान्त परीक्षेत चौथी श्रेणी किंवा तिच्या बरोबरीचे यश दाखवावे लागते.

वयोगटाची निवड मात्र वाटते तितकी बंधनकारक नाही. काही अभ्यासक्रम तीन ते सात, तर काही पाच ते अकरा या वयासाठी घडवलेले असतात. परंतु क्यूटीएस एकदा मिळाला की तो कोणत्याही वयोगटाला बांधलेला नसतो. तरीही ज्या मुलीला लहानग्यांची ओढ आहे तिने तीन ते सात हाच गट निवडावा, कारण त्यात वाचन आणि मोजणी यांचा उगम प्रत्यक्ष पाहायला मिळतो, आणि मोठ्या वर्गांना शिकवणाऱ्यालाही ते ज्ञान पुढे आयुष्यभर लागते.

पदवीधराला या वर्षात सर्वांत जड जाते ते स्वतःला कधीच येऊन गेलेल्या गोष्टीचे सुटे भाग करणे. वाचनाचेच पाहावे. 2006 मधील रोझ यांच्या अहवालानंतर इंग्लंडने ‘सिंथेटिक फोनिक्स’ ही पद्धत पद्धतशीरपणे स्वीकारली. तीत मूल अक्षराचे नाव घोकत नाही, तर त्याचा ध्वनी उच्चारून ध्वनीला ध्वनी जोडत शब्दापर्यंत पोहोचते. इंग्रजीत साधारण 44 ध्वनी आणि लिपीत अवघी 26 अक्षरे असल्यामुळे काही ध्वनींसाठी दोन-तीन अक्षरांची जोडणी करावी लागते. मराठी वळणाच्या शिक्षिकेची अडचण आणखी वेगळी आहे. देवनागरीत शिकलेल्या जिभेला प्रत्येक व्यंजनामागे ‘अ’ लावण्याची सवय असते, तर फोनिक्सच्या वर्गात ‘म’ न म्हणता ओठ मिटून ‘म्’ एवढाच ध्वनी काढावा लागतो. अन्यथा ‘क्-ॲ-ट्’ हे तीन ध्वनी ‘क-ॲ-ट’ होऊन बसतात आणि ते जोडणाऱ्या मुलाच्या हाती ‘कॅट’ लागतच नाही. तसेच मराठीत ज्या दोन इंग्रजी ध्वनींना एकच ‘व’ पुरतो, त्यांतील एकासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकतात आणि दुसऱ्यासाठी ओठांचा गोल होतो, हे आरशासमोर उभे राहून साधावे. उच्चाराच्या ढबीबद्दल लाज बाळगण्याचे कारण नाही, पण शिकवताना ध्वनी शुद्ध असलाच पाहिजे. पहिलीच्या मुलांची 2012 पासून जी फोनिक्स चाचणी होते, तीत 40 शब्दांपैकी निम्मे निरर्थक असतात आणि त्यांच्याशेजारी काल्पनिक प्राण्याचे चित्र असते, जेणेकरून मूल पाठ केलेला शब्द ओळखते की खरोखर वाचते, हे कळावे. या चाचणीच्या धास्तीने वर्गात निरर्थक शब्दांचीच घोकंपट्टी चालवणे हा मात्र शुद्ध वेडेपणा होय.

मोजणीचेही तेच. चार वर्षांच्या मुलापुढे पाच बटणे ठेवली असता ते बोट लावत ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे म्हणते, आणि ‘मग किती आहेत?’ असे विचारताच पुन्हा एकपासून सुरुवात करते. येथे प्रौढाला चूक दिसते, परंतु वस्तुतः मुलाला अंकांचा क्रम येतो, एका वस्तूला एकच अंक देणेही येते, आणि शेवटचा उच्चारलेला अंक हाच एकूण संख्या सांगतो, एवढी एकच पायरी बाकी असते. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल यांनी 1978 मध्ये मोजणीची अशी पाच तत्त्वे मांडली. ती जाणणारी शिक्षिका ‘पुन्हा नीट मोज’ असे न म्हणता बटणे थोडी पसरवते, एक झाकते, दोन अधिक ठेवते, आणि मूल कोणत्या पायरीवर थांबते ते पाहते. हाताशी असलेल्या वस्तूंतून शिकवण्याची ही रीत आपल्याकडेही जुनी आहे. तारा मोडक यांनी 1914 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवताना परिसरातल्याच वस्तू शिक्षणसाधने म्हणून वापरल्या. पदवीधर बाईने एवढ्याशा मुलांत काय बसावे, असा प्रश्न त्या काळीही अनेकांना पडला असणार. या प्रश्नाचे एक उत्तर कायद्यातही उमटले आहे. 11 ऑगस्ट 2023 रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य मानता येणार नाही असा निर्णय दिला, कारण लहान मुलांना शिकवण्याची विद्या वेगळी असून ती डी.एल.एड. या पदविकेत शिकवली जाते. घरात बी.एड. झालेली वडीलधारी मंडळी भाचीला ‘वर्षभराचाच तर कोर्स’ असे सांगत असतील, तर त्यांना हा निर्णय दाखवावा.

पीजीसीईच्या अभ्यासक्रमातील निबंध आणि संदर्भग्रंथ यांविषयी फार सांगण्याची गरज नाही. पदवीधराला ते जमतात. खरा कस लागतो तो किमान 120 दिवसांच्या शाळेतील सरावात, जो निदान दोन वेगवेगळ्या शाळांत करावयाचा असतो. तेथे ‘मेंटॉर’, म्हणजे पाठनिरीक्षण करून मार्गदर्शन करणारा अनुभवी शिक्षक, प्रत्येक पाठानंतर अभिप्राय देतो. नवशिक्या विद्यार्थिनी रात्री जागून आपण बोलावयाचे प्रत्येक वाक्य पाठटाचणात उतरवतात, आणि त्या मिनिटाला तीस मुले काय करीत असतील हा रकाना कोरा राहतो. टाचण त्या रकान्यापासूनच सुरू करावे. लहान वर्गांना तीसची मर्यादा कायद्यानेच घातली आहे, पण तीसही पुष्कळ होतात. रिसेप्शनमध्ये, म्हणजे चार ते पाच वर्षांच्या वर्गात, वाळू, पाणी, ठोकळे, खोटे दुकान असे कोपरे दिवसभर मांडलेले असतात, आणि शिक्षिका तेथे गुडघे टेकून मुलांचे बोलणे ऐकते. बाहेरून हा खेळ वाटतो. वास्तविक संभाषण व भाषा, शारीरिक विकास आणि भावनिक-सामाजिक विकास ही इंग्लंडच्या बालशिक्षणाच्या राष्ट्रीय आराखड्यातील तीन मूलभूत क्षेत्रे त्या कोपऱ्यांतच वाढतात. अशा वेळी मध्येच जाऊन ‘हा कोणता रंग?’ असे विचारणे टाळावे. रंग मुलाला बहुधा येतच असतो, आणि दुकानातला व्यवहार मात्र मोडतो.

पैशाची व्यवस्था आधी करून ठेवावी, कारण भौतिकशास्त्रासारख्या माध्यमिक विषयांना दिली जाते तशी शिष्यवृत्ती प्राथमिकला सहसा मिळत नाही. दर्जा मिळाल्यावरही सप्टेंबर 2021 पासून दोन वर्षांचा उमेदवारीचा काळ लागू आहे, ज्यात नव्या शिक्षकाला मेंटॉर आणि वर्गातील तासांत काही सवलत मिळते. म्हणून पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत पगारापूर्वी मेंटॉर कोण असेल, आणि त्याच्याशी बोलण्यासाठी वेळापत्रकात तास राखला आहे का, हे विचारून घ्यावे.