बर्फातले काटे : पत्रा कापून घ्यावा की तयार जोडी घ्यावी?

डिसेंबरात केदारकंठाला निघालेल्या ठाणे-डोंबिवलीकरांची तयारी शेवटच्या आठवड्यात बुटाच्या काट्यांपाशी अडते. सॅक घरात असते, जाकीट उसनं मिळतं. काटे मात्र सह्याद्रीत कधी लागलेलेच नसतात. मग ग्रुपमधला एखादा इंजिनिअर म्हणतो, "पत्रा कापून आणू, एवढी एमआयडीसी कशाला आहे?" कल्पना वेडी नाही. ऑस्कर एकेनस्टाइनच्या आराखड्यावरून १९०९ च्या सुमारास दहा दातांचे क्रॅम्पॉन घडवले, ते इटलीतल्या कूर्मायरच्या आंरी ग्रिव्हेल नावाच्या लोहारानेच. पण पैसे वाचवणं एवढाच हेतू असेल, तर आधी हिशेब मांडा.

पहिला फोन फॅब्रिकेटरला नको, ट्रेकच्या आयोजकाला करा. बऱ्याच जणांच्या शुल्कात मायक्रोस्पाइक्स धरलेले असतात. नसतील तर सांक्रीसारख्या पायथ्याच्या गावात भाड्याने मिळतात. दिवसाला शंभर-दोनशे रुपये धरून चला. साखळी आणि रबरी पट्ट्यांची साधी तयार जोडी ऑनलाइन हजार-दीड हजारात येते. नामांकित परदेशी जोडीला याच्या काही पट पैसे मोजावे लागतात. एकाच ट्रेकसाठी ते मोजू नयेत.

आता घरचा हिशेब. पायाच्या पुढच्या भागाखाली बसेल अशी १२ बाय १० सेंटिमीटरची, २ मिलिमीटर जाड स्टेनलेस पट्टी साधारण १९० ग्रॅम भरते. दोन्ही पायांचे मिळून ३८० ग्रॅम. ३०४ ग्रेडचा पत्रा किलोला अडीचशे-तीनशे धरला तरी धातू शंभर-सव्वाशेचा. खर्च वाढतो तो पुढे. वागळे इस्टेटमध्ये किंवा डोंबिवली एमआयडीसीत लेझर कटिंगवाला दोन तुकड्यांसाठी मशीन लावतो तेव्हा किमान आकार घेतो. कटिंग आणि बेंडिंग मिळून पाचशे ते हजार धरा, वर १८ टक्के जीएसटी. नायलॉन पट्टी आणि बकलांचे दीड-दोनशे. म्हणजे तयार जोडीइतकेच पैसे जातात, आणि हाती येतं ते पहिलंवहिलं, न तपासलेलं मॉडेल. चौघांनी मिळून चार जोड्या एकदम कापून घेतल्या तरच गणित जमतं. ड्रॉइंग डीएक्सएफ फाइलमध्ये न्या, नाहीतर ते काढण्याचे वेगळे पैसे पडतील.

खरोखर स्वस्तातला घरगुती उपाय वेगळाच आहे: जुन्या बुटाच्या तळव्यात बसवलेले पत्र्याचे स्क्रू. हार्डवेअरच्या दुकानात षटकोनी डोक्याचे, टोकदार, १० ते १२ मिलिमीटरचे स्क्रू मागा. टोकाला ड्रिल असलेले नकोत. एका बुटाला १२ ते १६, सगळे मिळून पन्नास-साठ रुपये. पकड मिळते ती बाहेर राहणाऱ्या डोक्याच्या कडांमुळे. तळवा स्क्रूपेक्षा जाड हवा, आत हवेची उशी असलेला बूट चालणार नाही. शेवटी आतून हात फिरवून टोक लागत नाही ना ते बघा. गावातल्या गोठलेल्या वाटेवर आणि सपाट, तुडवलेल्या बर्फावर हे बूट चोख काम देतात. चढावरच्या बर्फावर त्यांचा भरवसा धरू नका.

गुलमर्ग किंवा औलीला स्की शिकून पुढे स्की टूरिंगकडे वळलेल्या मंडळींची अडचण निराळी. स्कीखाली बसणारा क्रॅम्पॉन इथल्या दुकानात मिळत नाही, मागवला तर डॉलरचा भाव आणि वर कस्टम ड्यूटी. इथे फॅब्रिकेटरकडे जाण्यात अर्थ आहे. आकार उलट्या 'यू'चा, दोन्ही पायांना दात, आणि आतली रुंदी स्कीच्या बुटाखालच्या रुंदीपेक्षा चार-पाच मिलिमीटरने जास्त. कारखान्यात तो बहुधा कडक ॲल्युमिनियमचा करतात. तोच पत्रा आपल्याकडे बेंडिंग मशीनवर काटकोनात वाकवला तर कोपऱ्यात तडकण्याची भीती असते, आणि मऊ ॲल्युमिनियम घेतलं तर दात दुमडतात. म्हणून वजन जवळपास तिप्पट झालं तरी २ मिलिमीटर स्टेनलेसच बरं. खरी मेख हा क्रॅम्पॉन बाइंडिंगला (बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीला) जोडणाऱ्या बिजागरीची आहे. प्रत्येक कंपनीच्या बाइंडिंगची खाच वेगळी, तेव्हा मोबाइलवरच्या फोटोवरून माप देऊ नका, स्की उचलून वर्कशॉपमध्ये न्या. एमआयडीसीत अनेक ठिकाणी सुट्टी शुक्रवारी असते, त्यामुळे नोकरदारांना रविवार सापडतो.

एक भाग मात्र सगळ्यांनी घरीच करावा. ओला बर्फ काट्यांमध्ये चिकटून तळव्याखाली गोळा होतो आणि दात जमिनीला लागेनासे होतात. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं प्लॅस्टिक मापात कापून दातांच्या मधे बांधा. खर्च शून्य.

पट्टा म्हणून सायकलची ट्यूब वापरणार असाल तर ती आधी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांच्या आसपास तापमान असतं. सकाळी ताणून बघा. कडक झाली किंवा चिरली तर टाकून द्या. काटे बांधून मातीच्या उतारावर चाला, पाय झटका, बूट आडवा घासा. माहुलीच्या कातळावर मात्र चाचणी नको, बेसाल्टवर ३०४ ची टोकं बोथट होतात, आणि हे स्टील तापवून कठीण करता येत नाही.

जिथे घसरलात तर थांबणार नाही असा उतार असेल, तिथे घरी केलेलं काहीही पायात नको. खऱ्या क्रॅम्पॉनसाठी यूआयएए १५३ आणि ईएन ८९३ ही मानकं आहेत. जोडीवर तो शिक्का बघून घ्या. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्सला जाणाऱ्यांना हे साहित्य संस्थाच देते, त्यामुळे कोर्सआधी खरेदीची घाई करू नका.

विमानाने जाणाऱ्यांनी काटे चेक-इन सामानात टाकावेत आणि टोकांवर जुन्या पाइपचे तुकडे चढवावेत. केबिन बॅगेत सापडले तर ते सुरक्षा तपासणीतच काढून घेतले जातील.