एका फाइलीत अख्खा लॅपटॉप

वर्षभरात लॅपटॉपवर काय काय चढवलं आणि कुठली सेटिंग कधी बदलली, हे फॉरमॅट मारायची वेळ आली की हमखास आठवत नाही. निक्सओएस या लिनक्समध्ये ते आठवावंच लागत नाही. हवं ते फाइलीत लिहायचं, मांडणी सिस्टीम करते. (आज्ञा इथे देवनागरीत आहेत, टंकायच्या मात्र रोमनमध्येच.)

आधी ग्राफिकल आयएसओ पेनड्राइव्हवर घेऊन नेहमीसारखं इन्स्टॉल करा. इथपर्यंत उबुंटूहून फारसं वेगळं काही नाही.

मग /ईटीसी/निक्सओएस हे फोल्डर उघडा. त्यातली हार्डवेअर-कॉन्फिगरेशन.निक्स ही फाइल यंत्राने लिहिलेली असते, तिला हात लावू नका. आपलं काम कॉन्फिगरेशन.निक्समध्ये. ती सुडो नॅनोने उघडा आणि एन्व्हायर्नमेंट.सिस्टिमपॅकेजेसच्या चौकटी कंसात गिट, व्हीएलसी, लिब्रेऑफिस अशी नावं घाला. दोन नावांमध्ये नुसती मोकळी जागा, स्वल्पविराम नाही. प्रत्येक विधानाच्या शेवटी मात्र अर्धविराम हवाच. नवख्यांची निम्मी डोकेदुखी इथेच असते. मराठीसाठी फॉन्ट्स.पॅकेजेसमध्ये नोटो-फॉन्ट्स लिहा आणि इनपुट मेथड म्हणून आयबस व त्याचं एम१७एन इंजिन. पासवर्ड या फाइलीत कधीच लिहू नका, कारण इथला मजकूर /निक्स/स्टोअरमध्ये जाऊ शकतो आणि ते मशीनवरच्या कुणालाही वाचता येतं. तळाच्या सिस्टिम.स्टेटव्हर्जनचा आकडाही तसाच राहू द्या. अपग्रेडशी त्याचा संबंध नाही.

आता 'सुडो निक्सओएस-रीबिल्ड टेस्ट' चालवा. बदल लगेच लागू होतात, पण बूट मेनूत जात नाहीत. बिनसलं तर रीस्टार्ट केलं की जुनी सिस्टीम परत. सगळं ठीक दिसलं की 'टेस्ट'च्या जागी 'स्विच'. दर स्विचला बूट मेनूत नवी पिढी जमा होते, जुनीही तिथेच असते. मागच्या पिढीवर गेल्याने होम फोल्डरमधल्या फाइली मात्र परत येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्या.

जुन्या पिढ्या डिस्क खातात. 'सुडो निक्स-कलेक्ट-गार्बेज --डिलीट-ओल्डर-दॅन 30डी' ही आज्ञा 30 दिवसांपूर्वीच्या पिढ्या काढून टाकते.

फाइल गिटमध्ये ठेवा. नव्या लॅपटॉपवर कॉन्फिगरेशन.निक्स तेवढी न्यायची, हार्डवेअरची फाइल त्या यंत्राचीच राहू द्यायची.

एक अडचण आधीच सांगतो: बाहेरून उतरवलेले तयार लिनक्स प्रोग्राम इथे सहसा थेट चालत नाहीत. रोजचं काम अशा एखाद्या प्रोग्रामवर अडत असेल, तर निक्सओएसच्या नादी लागू नका.