संगणक-मॉड्यूलभोवती स्वतःचे सर्किट बोर्ड

गल्ल्याशेजारी संगणक असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. वजनकाट्यावरील आकडा पावतीवर जावा, पावतीची नोंद खात्यात व्हावी आणि मालाच्या साठ्यातून तेवढी वजावट व्हावी, एवढी अपेक्षा लहान दुकानदारही ठेवतो. बाजारात तयार यंत्रे पुष्कळ आहेत. परंतु प्रत्येक पेढीची गरज त्यांत नेमकी बसतेच असे नाही. मग एखादा कारागीर किंवा अभियंता आपल्यासाठी खास बोर्ड करून देण्याचे सांगतो आणि व्यापाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो : यात आपण काय विकत घेत आहोत? प्रस्तुत लेखात या विद्येची रूपरेषा व्यापारी बंधूंच्या दृष्टीने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

मॉड्यूल म्हणजे काय?

तांब्याचा पातळ पत्रा अचालक फलकावर चिकटवून, नको तेवढे तांबे काढून टाकून विजेचे मार्ग तयार करण्याची कल्पना पॉल आइस्लर या व्हिएन्नात जन्मलेल्या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये एका रेडिओसंचात प्रत्यक्षात आणली. आजचे बोर्ड त्याच घराण्यातले होय. इंग्लंडमधील केंब्रिज येथून २०१२ साली ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच फलकावरील स्वस्त संगणक निघाला. २०१४ पासून त्याचे ‘कॉम्प्यूट मॉड्यूल’ हे रूप मिळू लागले. त्यात प्रोसेसर, स्मृती व त्यांना लागणारे नाजूक भाग तेवढे ठेवून बाहेरच्या जोडण्यांच्या खाचा गाळलेल्या असतात. २०२० साली आलेले कॉम्प्यूट मॉड्यूल ४ हे ५५ मिलिमीटर लांब व ४० मिलिमीटर रुंद आहे. त्याच्या पाठीवर शंभर-शंभर टोकांचे दोन जोड आहेत. आपला बोर्ड म्हणजे या मॉड्यूलला बसावयास दिलेली बैठक.

या विभागणीतच सर्व शहाणपण आहे. प्रोसेसर व स्मृती यांच्यामधील मार्ग आखणे हे अतिशय अवघड व खर्चाचे काम. ते मोठ्या कारखान्याने एकदा करून लाखोंनी विकावे. काट्याची जोडणी, वीजपुरवठा व पेटीचा आकार या गोष्टी मात्र आपल्या गरजेच्या. त्या आपल्या बोर्डावर असाव्यात.

प्रथम गरजांची यादी

रेखाटनास हात घालण्यापूर्वी प्रत्येक जोडणी कागदावर मांडावी. आपण एका किराणा दुकानाचे उदाहरण घेऊ : काटा एक, पावतीयंत्र एक, बारकोड वाचक एक, पडदा एक व इथरनेटची तार एक. कॉम्प्यूट मॉड्यूल ४ मधून यूएसबीचा मार्ग एकच निघतो. आपणास पावतीयंत्र व वाचक यांसाठी दोन हवेत. म्हणजे यूएसबी हबची चिप बोर्डावर घेणे आले. गल्ल्याचा खण उघडण्याचा झटका बहुधा पावतीयंत्रच देते, तेव्हा त्यासाठी वेगळी सोय नको.

तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. या मॉड्यूलमध्ये वीज गेल्यावरही चालत राहणारे घड्याळ नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट बंद असले, तर पावतीवर चुकीची तारीख छापली जाईल, आणि चुकीच्या तारखेची पावती म्हणजे हिशेबात घोळ. यासाठी घड्याळाची लहान चिप व तिला नाण्याएवढा सेल एवढे बोर्डावर असलेच पाहिजे. तसेच मॉड्यूल घेताना ज्यात साठवणीची ‘ईएमएमसी’ चिप बसविलेली आहे ते घ्यावे. काढता-घालता येणाऱ्या कार्डाचा जोड गर्दीच्या गल्ल्यावर सैल होण्याचे भय राहते.

काट्याची जोडणी

अनेक इलेक्ट्रॉनिक काट्यांना ‘आरएस-२३२’ पद्धतीचे निर्गम असते. या पद्धतीत तारेवरील दाब अधिक ३ ते १५ व उणे ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान फिरतो. मॉड्यूलची टोके मात्र ३.३ व्होल्टची. हे दोन थेट जोडल्यास मॉड्यूल निकामी होण्याचा संभव आहे. म्हणून मध्ये ‘मॅक्स ३२३२’ यासारखी दाब बदलणारी चिप घालावी लागते. ती स्वस्त असते. जे वाचते ते महाग असते.

येथे कायद्याचीही एक गोष्ट आहे. देवघेवीत वापरावयाच्या काट्याची पडताळणी होऊन त्यावर शासकीय मोहोर असावी लागते. २००९ च्या वैध मापन कायद्याचा हा विषय होय. तेव्हा काटा उघडून आतल्या भागास तारा जोडण्याची सूचना कोणी केली तर ती नाकारावी. काट्याने दिलेल्या निर्गमातूनच आकडा घ्यावा. तोलण्याचे काम मोहोर असलेल्या काट्याचे. बोर्डाने केवळ आकडा वाहून न्यावा.

विजेचा हिशेब

मॉड्यूलला ५ व्होल्ट लागतात. समजा, मॉड्यूलसाठी २ अँपिअर, यूएसबीवरील साधनांसाठी १ अँपिअर व इतर चिपांसाठी अर्धा, असे मिळून साडेतीन अँपिअर आपण धरले. ५ गुणिले ३.५ म्हणजे १७.५ वॅट. हा पुरवठा १२ व्होल्टच्या अडॅप्टरमधून करावयाचा आहे. साध्या रेखीय नियामकाने दाब उतरविला, तर उरलेले ७ व्होल्ट गुणिले ३.५ अँपिअर, म्हणजे २४.५ वॅट, नुसत्या उष्णतेत जातील. कामास लागणाऱ्या विजेपेक्षा वाया जाणारी अधिक! याउलट स्विचिंग पद्धतीचा नियामक शंभरांतील सुमारे ८५ भाग कामी लावतो असे धरल्यास अडॅप्टरमधून २०.६ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर, एवढेच घ्यावे लागतात. अर्थात दुसरा मार्गच धरावा.

पुरवठा कितीही चांगला असला तरी तो तांब्याच्या रेघेतून पोचावयाचा असतो. बोर्डावरील तांबे साधारणपणे ३५ मायक्रॉन जाडीचे असते. अशा तांब्याच्या कोणत्याही चौकोनी तुकड्याचा रोध सुमारे अर्धा मिलिओहम भरतो. आता पाव मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर लांब रेघ घेतली, तर तिच्यात असे २०० चौकोन बसतात. रोध झाला एक दशांश ओहम. साडेतीन अँपिअर वाहताना तिच्यात ०.३५ व्होल्ट गळतील आणि मॉड्यूलपाशी ४.६५ व्होल्टच पोचतील. पाच टक्के घट, म्हणजे पाव व्होल्ट, एवढीच मोकळीक धरली तरी यंत्र अडखळणार. तीच रेघ ५ मिलिमीटर रुंद केल्यास चौकोन दहाच होतात व गळती १८ मिलिव्होल्टच्याही आत येते. रेघ रुंद करण्यास वेगळा खर्च पडत नाही, केवळ जागा द्यावी लागते.

वेगवान मार्ग

पडदा, इथरनेट व यूएसबी यांचे संदेश जोडीने धावणाऱ्या दोन रेघांतून जातात. या जोडीची रुंदी, मधले अंतर व खालच्या थरापासूनची उंची यांवर तिचा इंपीडन्स ठरतो. यूएसबीसाठी तो ९० ओहम, तर एचडीएमआय व इथरनेटसाठी १०० ओहम ठेवतात. जोडीतील दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या असाव्यात. याशिवाय, गेलेल्या विजेस परत येण्याचा मार्गही हवाच. जशी नावे तशी जमा. म्हणून असा बोर्ड चार थरांचा करावा व वरून दुसरा थर अखंड ग्राउंडचा ठेवावा. वेगवान रेघेखाली त्या थरात खंड पडू देऊ नये, कारण परतीच्या विजेला वळसा पडला की संदेश बिघडतो व आजूबाजूस उपद्रव होतो.

आधी तपासणी, मग खर्च

रेखाटनासाठी ‘कीकॅड’ हे विनामूल्य साधन उपलब्ध आहे. मॉड्यूलच्या निर्मात्याने आपल्या नमुना-बोर्डाची रेखाटने याच साधनात प्रसिद्ध केली आहेत. त्यांतून जोडांच्या नेमक्या जागा घ्याव्यात. या जोडांची टोके एकमेकांपासून केवळ ०.४ मिलिमीटर अंतरावर असतात, तेथे अंदाज चालत नाही. रेखाटन पुरे झाल्यावर संगणकाकडून नियमांची तपासणी करवावी. नंतर ते खऱ्या मापात कागदावर छापून त्यावर प्रत्यक्ष भाग ठेवून पाहावेत. कागदावर सापडलेली चूक फुकट सुधारते. बोर्ड बनल्यावर सापडलेली पैसे मागते.

प्रथम पाचच बोर्ड करवावेत. बोर्ड आला की मॉड्यूल न बसविता मीटरने ५ व्होल्टची रेघ व ग्राउंड यांत जोड झालेला नाही ना, ते पाहावे. मग वीज देऊन प्रत्येक ठिकाणचा दाब मोजावा. सर्व ठीक असल्यासच मॉड्यूल बसवावे. सोल्डर, म्हणजे सराफांच्या भाषेतला डाख, एका टोकावरून शेजारच्या टोकावर ओघळला असेल तर तो मॉड्यूलचा बळी न घेता येथेच कळतो.

मालकी कोणाची?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. २०२१ पासून सुमारे दोन वर्षे जगभर चिपांची टंचाई होती व ही मॉड्यूलेही मिळेनाशी झाली. ज्यांचे यंत्र एकाच भागावर अवलंबून होते त्यांचे काम अडले. २०२४ साली आलेले कॉम्प्यूट मॉड्यूल ५ त्याच मापाचे असून पुष्कळ अंशी जुन्या बैठकीत बसते, परंतु काही टोकांचे काम बदलले आहे व त्याला वीजही अधिक लागते. म्हणून पुरवठ्यात आरंभीच वाव ठेवावा आणि बदललेल्या टोकांवर महत्त्वाची जोडणी ठेवू नये.

करारातही चार वस्तू लिहून घ्याव्यात : जोडणीचे मूळ रेखाटन, बोर्डाचे रेखाटन, कारखान्यास द्यावयाच्या गर्बर फायली आणि भागांची यादी. या चार वस्तू हाती असल्यास करणारा गाव सोडून गेला तरी दुसरा कारागीर काम पुढे चालवू शकतो. त्या नसल्यास पैसे देऊनही यंत्र परक्याचेच राहते.

एका दुकानास एकच यंत्र हवे असेल, तर तयार रास्पबेरी पाय घेऊन काम भागवावे. बोर्ड करविण्याचा खर्च निघणार नाही. परंतु एकाच धंद्यातील पाचपन्नास सभासदांची गरज सारखी असेल, तर त्यांनी एकत्र येऊन एकच रेखाटन करवावे, त्याची कागदपत्रे संस्थेच्या दप्तरात ठेवावीत व लागतील तसे बोर्ड काढावेत. अवघड ते तयार घ्यावे, आपले ते आपण करावे, आणि केलेल्याचे कागद आपल्या हाती ठेवावेत, हेच या विद्येतून व्यापाऱ्याने घेण्याजोगे सार होय.